मनश्शेच्या वंशावळीतल्या पाच लेकी आणि शोमरोनची खापरं

अक्षरवेल

बायबल पहिल्यांदा वाचायला घेतलेला माणूस 'गणना'च्या २६व्या अध्यायापाशी आला की भराभर पानं उलटायला लागतो. नावामागून नाव, कुळामागून कूळ. मला मात्र याच अध्यायाने धरून ठेवलंय, त्यातही मनश्शेच्या वंशाने. प्राचीन इस्राएलच्या बारा वंशांपैकी ज्याच्या घराण्यांची इतकी नावं बायबलबाहेर, त्या काळच्या शाईत लिहिलेली सापडली, असा दुसरा वंश नाही. म्हणून हा धागा.

आधी माणसं सांगते. मनश्शे हा योसेफाचा थोरला मुलगा. आई आसनथ, मिसरमधल्या ओन नगरीच्या याजकाची लेक. आजोबा याकोबाने नातवांना आशीर्वाद देताना हात आडवे केले, उजवा हात धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर ठेवला आणि मनश्शे थोरला असून दुसरा झाला. पण शिरगणतीचे आकडे पाहा. पहिल्या गणतीत मनश्शेचे लढण्याजोगे पुरुष ३२,२०० आणि एफ्राईमचे ४०,५००. दुसरीत मनश्शे ५२,७०० वर आणि एफ्राईम ३२,५०० वर. यादीतही या वेळी मनश्शेचं नाव आधी येतं.

मनश्शेचा मुलगा माखीर. माखीरची मुलं योसेफाच्या मांडीवर जन्मली असं उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायात म्हटलंय. माखीरचा मुलगा गिलाद. गिलादाची सहा मुलं, त्यांची सहा कुळं: इयेजेर, हेलेक, अस्रीएल, शेखेम, शमीदा आणि हेफेर. यातला इयेजेर म्हणजेच इतरत्र येणारा अबियेजेर. 'शास्ते' पुस्तकातला वीर गिदोन याच कुळातला. हेफेरचा मुलगा सलाफहाद, आणि त्याला मुलगा नाही. इतक्या पुरुषांच्या रांगेत मग अचानक पाच बायकांची नावं येतात: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा.

पुढच्याच अध्यायात या पाच बहिणी दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी उभ्या राहतात. समोर मोशे, याजक एलाजार, सरदार आणि सगळी मंडळी. त्यांचं म्हणणं सरळ आहे. बाप रानात मेला, पण मोशेविरुद्धच्या कोरहाच्या बंडात तो नव्हता. त्याला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का पुसलं जावं? बापाच्या भावांबरोबर आम्हालाही वतन द्या. निवाडा त्यांच्या बाजूने लागतो.

आता यहोशवाचा १७वा अध्याय उघडा. यार्देनच्या पश्चिमेला मनश्शेला दहा हिस्से मिळाले. हिशेब जुळतो: सहा कुळांतून हेफेर वजा केला की उरली पाच, आणि हेफेरच्या जागी त्याच्या पाच नाती. म्हणजे या पाच जणींना मिळून एक हिस्सा मिळालेला नाही, एकेकीला एकेक मिळाला. आजोबांच्या भावांच्या बरोबरीने.

इथवर सगळं ग्रंथातलं. आता १९१०. हार्वर्ड विद्यापीठाची मोहीम शोमरोनच्या टेकडीवर खोदकाम करत होती. जॉर्ज रायस्नर प्रमुख होते. उत्तरेच्या इस्राएल राज्याचा राजा अम्री याने वसवलेल्या राजधानीचा राजवाडा ते उकलत होते, आणि त्याच्या शेजारच्या एका इमारतीच्या भरावात मडक्यांचे तुकडे निघाले. शंभराच्या वर. त्यांतल्या साठेकांवरचा मजकूर वाचता आला. जुन्या इब्री लिपीत शाईने लिहिलेल्या या सरकारी नोंदी आहेत: कुठल्या वर्षी, कुठून, कोणाच्या नावे काय आलं. जुनी दारू, धुतलेलं तेल. काळ इसवी सनापूर्वीचं आठवं शतक, बहुतेक दुसऱ्या यराबाम राजाची कारकीर्द.

या नोंदींत ज्या मुलखांतून माल आला त्यांची नावं वाचा. अबियेजेर. हेलेक. अस्रीएल. शेखेम. शमीदा. आणि होग्ला. आणि नोआ.

हेफेरचे पाच भाऊ आणि दोन नाती, राजाच्या कोठाराच्या हिशेबात. माझ्या मते 'गणना'तली ती यादी नुसती घराण्याची वंशावळ म्हणून वाचणं अपुरं आहे. तो मनश्शेच्या डोंगराचा सातबारा आहे. कोण कोणाचा मुलगा हे सांगताना तो लिहिणारा प्रत्यक्षात कोणती जमीन कोणत्या जमिनीला लागून, कोणाचा हक्क कोणाच्या आधी, हे सांगतोय. आणि त्या पाच जणींचे हिस्से खरे होते म्हणूनच त्यांची नावं टिकली.

जाणकारांनी भर घालावी. पहिल्या इतिहासाच्या पुस्तकातली यादी यापेक्षा बरीच वेगळी आहे, त्यावरही बोलू.

---

पाटीपेन्सिल

वाचनखूण साठवली. एक शंका आहे. गिलाद हा तर यार्देनच्या पूर्वेचा प्रदेश ना? मग इथे तो माखीरचा मुलगा कसा? माणूस की मुलूख?

---

अक्षरवेल

दोन्ही, पाटीपेन्सिल. शास्ते ११ मध्ये तर इफ्ताहाच्या बापाचंच नाव गिलाद आहे, आणि तो राहतोही गिलादात. या याद्यांमध्ये मुलखाला माणसाच्या रूपात लिहिणं अगदी नेहमीचं आहे. वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं, त्यात फसवणूक नव्हती.

तुमच्या प्रश्नातून एक मोठी अडचण पुढे येते. 'गणना'त सहाही कुळं गिलादाची मुलं आहेत, म्हणजे मनश्शेची पणतवंडं. यहोशवा १७ मध्ये तीच सहा थेट मनश्शेची मुलं म्हणून येतात आणि माखीर त्यांचा थोरला भाऊ ठरतो. जमिनीकडे पाहिलं तर यहोशवाची मांडणी जास्त पटते, कारण गिलाद नदीच्या पूर्वेला आणि ही सहा कुळं पश्चिमेला, शेखेम आणि शोमरोनच्या डोंगरांत. शास्ते ५ मधलं दबोरेचं गीत बहुतेक अभ्यासक बायबलमधल्या सर्वांत जुन्या काव्यांत धरतात. त्यात वंशांची हजेरी घेतली आहे, पण मनश्शेचं नावच नाही. त्या जागी माखीर येतो, आणि गिलाद यार्देनपलीकडेच बसून राहिला असं वेगळं सांगितलंय. म्हणजे एके काळी माखीर स्वतःच वंश होता आणि मागाहून मनश्शेच्या छत्राखाली 'मुलगा' झाला, असा अंदाज बांधता येतो.

---

नामावळी

अक्षरवेलताई, विषय जिवाभावाचा काढलात.

१ इतिहास ७ मधली मनश्शेची यादी म्हणजे गुंतलेला मांजा आहे. तिथे मनश्शेची एक अरामी उपपत्नी येते आणि माखीर तिच्या पोटचा ठरतो. ती ना 'गणना'त आहे ना यहोशवात. माखीरची बायको माका, आणि त्याच वाक्यांत माका त्याची बहीण असल्यासारखंही वाचता येतं. पुढे गिलादाची एक बहीण हम्मोलेखेत. तिने ईशहोद, अबियेजेर आणि महला यांना जन्म दिला. म्हणजे जी महला सलाफहादाची थोरली लेक, ती इथे अबियेजेरच्या पाठीला पाठ लावून जन्मलेली! सलाफहादाचा उल्लेख एका ओळीत उरकलाय: त्याला मुलीच होत्या. नावं नाहीत. आणि शेखेम इथे शमीदाचा मुलगा.

ही नकल करणाऱ्याची निव्वळ गफलत आहे असं मला वाटत नाही, थोडीफार असेलही. त्या त्या काळात कुठलं कूळ कुठल्या कुळाच्या आधाराने राहत होतं याची ती वेगळी नोंद असावी. अरामी उपपत्नी तर पूर्वेच्या सीमेवरची हकीकतच सांगते. बाशानात आणि गिलादात अरामी आणि इस्राएली शेजारी राहत होते, सोयरिकी होत होत्या.

याहून चांगलं उदाहरण याईरचं आहे. 'गणना' ३२ मध्ये याईर हा मनश्शेचा पुत्र, त्याने गिलादातली खेडी जिंकली आणि त्यांना आपलं नाव दिलं. १ इतिहास २ मध्ये मात्र यहूदा वंशातल्या हेस्रोनाने साठाव्या वर्षी माखीरच्या मुलीशी लग्न केलं, तिला सगूब झाला आणि सगूबचा मुलगा याईर. बापाच्या बाजूने तो पक्का यहूदी वंशाचा आहे. तरी वतन आणि ओळख दोन्ही आजीच्या माहेरची! बाईकडून वारसा चालत आल्याचं हे उदाहरण सलाफहादाच्या मुलींइतकंच बोलकं आहे, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही.

---

काळा_कोट

सातबारा हा शब्द वाचून आत शिरलो. गणना २७ आणि ३६ मी वकिलाच्या नजरेने वाचले आहेत, म्हणून थोडं त्याबद्दल.

पाच बहिणींच्या अर्जातून जो नियम निघाला त्याचा क्रम असा: मुलगा नसेल तर मुलगी, मुलगी नसेल तर मयताचे भाऊ, भाऊ नसतील तर चुलते, तेही नसतील तर कुळातला सर्वांत जवळचा भाऊबंद. या पूर्ण क्रमात विधवा कुठेच नाही. आणि भाऊ असलेल्या मुलीलाही काही नाही. हक्क मिळाला तो बापाचं नाव जमिनीवर राहावं म्हणून. अर्जाचा मुद्दाही तोच होता, आणि चतुराईने मांडलेला होता. 'आम्हाला हवं' असं त्या म्हणाल्या नाहीत, 'बापाचं नाव का जावं' असं म्हणाल्या.

कोरहाच्या बंडाचा उल्लेखही उगीच नाही. बंडखोराचा वारसाहक्क बुडतो असा आक्षेप येण्याआधीच त्यांनी त्याची वाट बंद केली.

मग छत्तिसाव्या अध्यायात गिलादाच्या कुळातले कर्ते पुरुष हरकत घेऊन येतात. या मुली दुसऱ्या वंशात दिल्या तर जमीन त्या वंशात जाईल, जमिनी मूळ घराण्याकडे परत जातात त्या योबेल वर्षातही परत येणार नाही. तोडगा निघतो: त्यांनी बापाच्या वंशातच लग्न करावं. पाचही जणी चुलतभावांशी लग्न करतात. जमीन राहिली, नवरा निवडण्याची मुभा आखडली. मला यात भाऊबंदांची धास्ती स्वच्छ दिसते.

आणि शेवटचं. मोशेचा निवाडा झालेला असूनही यहोशवा १७ मध्ये त्या बहिणींना वाटपाच्या वेळी पुन्हा एलाजार आणि यहोशवासमोर जाऊन आठवण करून द्यावी लागते. निकाल हातात होता, ताबा मिळवायला पुन्हा उभं राहावं लागलं. ज्याने कोणी हे लिहिलं त्याने जमिनीची प्रकरणं जवळून पाहिलेली होती.

---

तळटीप

सगळ्यांचं वाचलं. थोडा विरोधी सूर लावतो.

खापरं आठव्या शतकातली. परंपरेने मोशेचा काळ त्याच्याआधी कित्येक शतकं जातो. मग खापरांनी 'गणना' खरी ठरते असं म्हणायचं, की खापरांच्या काळात जे जिल्हे अस्तित्वात होते त्यांना नंतर कोणी वंशावळीत बसवलं असं म्हणायचं? मला दुसरं जास्त संभवनीय वाटतं. होग्ला आणि नोआ अशी दोन मुलखांची नावं होती, इब्री कानाला ती बायकी वाटली, आणि मुलखांना बायकांची नावं का, याचा उलगडा करायला सलाफहादाची कथा आली. मुली आधी आणि मुलूख मागाहून, हा क्रम गृहीत का धरायचा?

---

अक्षरवेल

तळटीप, क्रम मी गृहीत धरलेला नाही, आणि तुमच्या म्हणण्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. नावं मुलखांची असण्याला ग्रंथातच आधार आहे. यहोशवा १२ मध्ये हरवलेल्या राजांची यादी आहे, त्यात हेफेरचा राजा आहे आणि तिरसाचाही. म्हणजे एक आजोबा आणि एक नात दोघंही कनानी नगरं! तिरसा तर पुढे उत्तरेच्या राज्याची राजधानी झाली. बाशा तिथेच राज्य करत होता, जिम्रीने तिथेच स्वतःवर वाडा पेटवून घेतला, आणि अम्रीने सहा वर्षं तिथून कारभार केल्यावर शेमेरकडून दोन किक्कार (जुनं वजन) चांदीला टेकडी विकत घेऊन शोमरोन वसवलं. तेल अल-फारा नावाच्या टेकाडावर रोलां द व्हो यांनी १९४६ पासून खोदकाम केलं, तेच तिरसा असं आता बहुतेक मानतात.

शेखेमचंही तसंच. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या अमार्ना पत्रांत, म्हणजे मिसरच्या दरबाराच्या पत्रव्यवहारात, शेखेमचा लबाया हा मिसरच्या राजाला डोकेदुखी झालेला सरदार आहे. उत्पत्ती ३४ मध्ये शेखेम हा हिव्वी हमोराचा मुलगा. आणि 'गणना'त शेखेम मनश्शेच्या घरात! १ इतिहासात तर शमीदाचा मुलगा, हे वर आलंच. हमोर, गिलाद, शमीदा: तीन ठिकाणी तीन बाप. हे नगर वंशात हळूहळू, अर्धवट शिरत गेलं. शास्ते ९ वाचा. गिदोनाचा मुलगा अबीमलेख हा त्याच्या शेखेम नगरातल्या उपपत्नीचा. राजा व्हायचंय तर तो बापाच्या कुळाकडे जात नाही, आईच्या भावांकडे शेखेमात जातो. तेही 'हा आपला भाऊ' म्हणून बआल-बरीथ या कनानी देवाच्या देवळातली चांदी काढून देतात. गिदोनाच्या काळीही शेखेमवाले स्वतःला अबियेजेरवाल्यांहून वेगळे समजत होते.

तेव्हा कनानी नगर वंशात सामील झालं की वंशावळीत त्याला मूल म्हणून जागा मिळते, हे मला पटतं. फक्त एक गोष्ट मी सोडणार नाही. ही नगरं मुलगे म्हणूनही लिहिता आली असती. शेखेमला मुलगा केलंच की. होग्ला, नोआ, मिल्का यांना मुली केलं आणि त्यांच्या तोंडी मागणी दिली, ती मागणी कायद्यात बसवली. हे लिहिणाऱ्या समाजात मुलीने वतन मागण्याचा प्रश्न खराखुरा आलेला होता. नुसत्या नावांच्या उलगड्यासाठी कोणी वारसाचा क्रम ठरवत बसत नाही.

---

शुभवर्तमान_वाचक

मी नगर जिल्ह्यातला, घरात तीन पिढ्या मराठी बायबल वाचलं जातं. अक्षरवेलताई, तळटीप, दोघांचा अभ्यास मोठा आहे. पण महला आणि तिच्या बहिणींना मुलूख म्हणून टाकल्यावर माझ्यासारख्याचं मन भरत नाही. आमच्याकडे या भागावर उपदेश होतो तेव्हा समोर बसलेल्या आयाबाया मान वर करून ऐकतात. पाच अविवाहित मुली, बाप नाही, भाऊ नाही, आणि पूर्ण मंडळीसमोर उभ्या. परमेश्वर म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे. माझ्यासाठी त्या हाडामांसाच्या होत्या.

यहुदी परंपराही त्यांना माणसं म्हणूनच वाचते. 'गणना' २७ मध्ये क्रम महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा असा आहे आणि छत्तिसाव्यात महला, तिरसा, होग्ला, मिल्का, नोआ. मध्ययुगीन यहुदी भाष्यकार राशी यांचं भाष्य यावर म्हणतं की क्रम बदलला तो पाचही जणी सारख्याच तोलाच्या होत्या हे दाखवायला. जमिनीच्या तुकड्यांबद्दल असं कोणी बोलत नाही.

---

नामावळी

शुभवर्तमान_वाचक, +१. रब्बी अकीवा तर शब्बाथाच्या दिवशी लाकडं गोळा केली म्हणून ज्याला दगडमार झाला तो सलाफहादच होता असं म्हणत. बापाने स्वतःच्या पापामुळे मरण ओढवलं, हे मुलींच्या अर्जातलं वाक्य कुठल्या पापाबद्दल आहे याचा तो शोध. अशा उलगड्यांतून कळतं की ही घराणी वाचणाऱ्यांच्या मनात किती जिवंत होती.

---

रेवदंडा_ते_लोद

नमस्कार मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजातला, आता इस्राएलमध्ये; घरात अजून मराठी बोलतो. हा धागा बघून राहवलं नाही.

गावावरून घराणं ओळखणं आम्हाला वेगळं शिकावं लागत नाही. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नागावकर, दिवेकर ही आमची आडनावं सगळी कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावांची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) १७९६ मध्ये ज्यांनी बांधलं त्यांचं नाव समाजी हसाजी दिवेकर. म्हणजे सॅम्युअल, बापाचं नाव इझिकिएल, गाव दिवे. एकाच नावात व्यक्ती, बाप आणि भुई. सिनेगॉगमध्ये तोरा वाचायला बोलावतात तेव्हा मात्र नुसतं 'शमुवेल बेन यहेज्केल'. गाव बाहेर राहतं. मला त्या खापरांवरच्या नोंदींत आमच्या आडनावांचीच पद्धत दिसली: अमुक, अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा.

पण एक सांगायला हवं. आम्हाला आमचा वंश ठाऊक नाही. मनश्शे, रऊबेन, यहूदा यांपैकी कोणते, याची नोंद आमच्याकडे राहिली नाही. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि पोथ्या समुद्रात गेल्या, ही आमची परंपरा. शनवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली हे नाव पडलं. शब्बाथ, सुंता, शेमाची प्रार्थना एवढं राहिलं, वंशावळ गेली.

आणि तिची किंमत इस्राएलमध्ये आल्यावर कळली. १९६२ च्या सुमाराला इथल्या मुख्य रब्बीनेटने (यहुदी धर्मपीठाने) असा आदेश काढला की बेने इस्राएलांनी समाजाबाहेर लग्न करायचं तर आधी आईची बाजू मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावी. कोकणातून आलेल्या माणसाने पणजीच्या आईचा कागद कुठून आणायचा? माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ मध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) आम्ही सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं आणि आदेशातून आमचं नाव वगळावं लागलं. वंशावळ ही जुन्या ग्रंथातली कंटाळवाणी यादी आहे असं आमच्यातला कोणी म्हणणार नाही.

---

पाटीपेन्सिल

फार मोलाचं लिहिलंत. मणिपूरचे जे मनश्शेचे वंशज म्हणवतात ते आणि तुम्ही एकच का?

---

रेवदंडा_ते_लोद

नाही, आणि ही गल्लत भारतात फार होते. ते बने मनश्शे, मणिपूर आणि मिझोरमचे, कुकी-मिझो लोकांपैकी. त्यांच्या गाण्यांत आणि प्रार्थनांत मनमासी नावाचा पूर्वज येतो, तोच मनश्शे अशी त्यांची श्रद्धा. २००५ मध्ये इस्राएलचे सफार्दी मुख्य रब्बी श्लोमो अमार यांनी त्यांना इस्राएलच्या हरवलेल्या वंशांपैकी मानलं, तरी इथे येणाऱ्यांना रीतसर धर्मांतर करावं लागतं. भाषा, चेहरा, इतिहास सगळं आमच्याहून वेगळं. आमच्याकडे वंशाचं नाव नाही, त्यांच्याकडे फक्त वंशाचं नाव आहे. दोघांनाही दारात पुरावा विचारला गेला.

---

तळटीप

हरवलेल्या वंशांबद्दल एक आकडा ध्यानात ठेवावा. शोमरोन पडल्यावर अश्शूरचा राजा दुसरा सारगोन आपल्या शिलालेखांत २७ हजारांहून थोडे जास्त लोक नेल्याचं सांगतो. यार्देनच्या पूर्वेकडचा अर्धा मनश्शे वंश त्याआधीच अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसर राजाने नेला होता. पण डोंगरातले सगळेच गेले नाहीत. २ इतिहास ३० मध्ये यहूदाचा राजा हिज्कीया याच्या वल्हांडण सणाला आशेर, मनश्शे आणि जबुलूनमधले काही जण जेरुसलेमला आल्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्यांची खापरांवर नावं आहेत त्यांच्या पोराबाळांपैकी बरेच तिथेच, त्याच शेतांत राहिले असणार.

---

चुलीवरची_भाकरी

मी फक्त वाचक. मला खापर बघायचंय! म्हणजे नेमकं काय लिहिलंय, कसं दिसतं? आणि धुतलेलं तेल म्हणजे काय?

---

अक्षरवेल

चुलीवरची_भाकरी, होग्लाचंच एक सांगते. मजकूर साधारण असा: पंधराव्या वर्षी. होग्लाकडून. हानान, बआराचा मुलगा, यांच्या नावे. पुढे माल आणणाऱ्या माणसाचं नाव आणि यासीत हे गाव. नाबलुसच्या उत्तरेला आज यासीद नावाचं खेडं आहे, ते हेच असं मानतात.

तुकडा हाताच्या पंज्यात मावेल एवढा. मुद्दाम बनवलेली पाटी नव्हे, फुटक्या भांड्याचा तुकडा. बोरूने काळ्या शाईत, उजवीकडून डावीकडे भरभर ओढलेली अक्षरं, शब्दांच्या मध्ये बारीक ठिपके. हात सराईत कारकुनाचा. वर्ष राजाच्या कारकिर्दीचं, राजाचं नाव लिहायची त्याला गरज वाटलेली नाही. नोंदी नवव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षांच्या आहेत. आधीच्या दोन वर्षांत गावाचं नाव आणि माल असतो, घडाभर जुनी दारू किंवा तेल. कुळांची नावं बहुतेक पंधराव्या वर्षीच्या नोंदींत. का बदललं, यावर बराच खल झालाय.

'यांच्या नावे' असा अर्थ देणाऱ्या एका अक्षरावरही अभ्यासकांत वाद आहे. यिगाएल यादीन यांच्या मते ती माणसं जमिनीचे मालक आणि माल म्हणजे त्यांचा सारा. अँसन रेनी यांच्या मते ती दरबारी माणसं, राजवाड्यात राहणारी, आणि माल त्यांच्या गावाकडच्या वतनातून त्यांच्यासाठी येणारा. मला रेनींचं पटतं, कारण एकाच माणसाच्या नावे वेगवेगळ्या गावांहून माल येताना दिसतो.

धुतलेलं तेल म्हणजे ऑलिव्ह ठेचून, गरम पाण्याने, घाण्याचा दाब न देता वर आलेलं पहिलं तेल, असा सर्वसाधारण समज आहे.

माणसांची नावंही नीट बघा. गद्दीयो, शमर्यो ही परमेश्वराच्या नावाने संपणारी, आणि त्याच ढिगाऱ्यात अबीबआल, मरीबआल. गिदोनाचं दुसरं नाव यरुब्बआल होतं हे आठवा. अबियेजेरच्या मुलखात त्याच्यानंतर कित्येक पिढ्यांनी दोन्ही देवांची नावं एकाच वहीत नांदत होती. होशेय संदेष्टा याच राज्यात, याच काळात बआलाविरुद्ध घसा कोरडा करत होता. तो कोणाशी बोलत होता ते या खापरांवरून कळतं.

---

नामावळी

नावांवरून आठवलं, मनश्शेचं नाव एके ठिकाणी मुद्दाम घुसवलेलं आहे. शास्ते १८:३० मध्ये दान वंशाच्या मूर्तीपुढचा याजक योनाथान, गेर्षोमचा मुलगा, आणि आजोबा मोशे. मोशेचा नातू मूर्तिपूजक याजक! इब्री हस्तलिखितांत त्या नावात एक 'नून' (न) अक्षर ओळीच्या जरा वर टांगलेलं असतं, ते धरून वाचलं की मोशेचा मनश्शे होतो. नकल करणाऱ्यांनी मोशेची अब्रू राखली, पण अक्षर ओळीत बसवलं नाही. वर टांगून ठेवलं, म्हणजे मूळ काय होतं ते सगळ्यांना दिसावं. बदनामी आली ती मनश्शेच्या वाट्याला, तोही बहुधा यहूदाच्या त्या दुष्ट ठरलेल्या मनश्शे राजावरून. वंशाचा यात काही दोष नव्हता.

---

काळा_कोट

हे माहीत नव्हतं. खाडाखोड उघड ठेवणारा नकलनवीस, फार आवडलं.

अक्षरवेल, पाचांपैकी होग्ला आणि नोआ खापरांवर, तिरसाचं टेकाड सापडलं. महला आणि मिल्का?

---

अक्षरवेल

त्या दोघींच्या मुलखांची जागा खापरांवरून ठरत नाही. हेफेरचं नावही त्यांवर नाही, आणि तसं ते नसणंच यहोशवाच्या हिशेबाला धरून आहे, कारण त्याचा वाटा मुलींमध्ये गेलेला. महलाचं नाव १ इतिहास ७ मध्ये अबियेजेरच्या जोडीला येतं हे नामावळींनी वर दिलंच आहे. अबियेजेर शेखेमच्या नैर्ऋत्येला, तर नोआ आणि होग्ला उत्तरेकडे. तेव्हा महलाचा मुलूख अबियेजेरला लागून असेल तर तो बहिणींपासून लांब पडतो, आणि इतिहासकाराने तिला वेगळ्या घरात का बसवलं याचं कारणही तिथेच मिळू शकतं. हा माझा तर्क, पटला तर घ्या.

ज्यांना खापरं प्रत्यक्ष पाहायची आहेत त्यांच्यासाठी: खोदकाम झालं तेव्हा तो मुलूख उस्मानी राज्यात होता, त्यामुळे ती इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयाकडे गेली. शाई बरीच उडालीय. वाचायला रायस्नर यांच्या वेळची छायाचित्रं आणि हाताने काढलेल्या प्रतिकृती जास्त उपयोगी पडतात.